जाळीतला चुकलेला टाका

गेल्या आश्विनात आईची पेटी उघडली, तेव्हा तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक अर्धी शाल निघाली. पांढऱ्या लोकरीची, जाळीच्या विणीची. दोन्ही सुया अजून तशाच अडकवलेल्या. माझ्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी आईने ती हाती घेतली होती, आणि शेवटच्या दुखण्यात ती तेवढीच राहून गेली. मी शाल उजेडात धरली अन् पोटात कालवले. वरून चौदा ओळी खाली, पानाच्या नक्षीत एक भोक कमी होते, आणि त्यापुढचे सगळे पान एका अंगाला कलले होते. आईचे डोळे इतके अधू झाले होते, हे तिने आम्हांला कधी कळू दिले नव्हते.

उसवावे, तर आईच्या हातच्या शेवटच्या ओळी जातात. तसेच ठेवावे, तर तिला ते खपले नसते.

आमचे गाव जांब समर्थ. 1608 साली समर्थ रामदास येथे जन्मले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात त्यांनी पहिला समास केवळ लेखनक्रियेसाठी खर्ची घातला आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथाच्या अखेरीपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिलेले वाटावे, असा त्यांचा आग्रह. वर्गात मी हे दरवर्षी सांगते. पण पोथी लिहिणाऱ्याला एक सोय होती. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासायचा आणि त्यावर पुन्हा लिहायचे. विणीला हरताळ फासता येत नाही.

आमच्याच गोदाकाठचा पैठणचा विणकर ताणा आणि बाणा अशा वेगवेगळ्या धाग्यांनी वस्त्र घडवतो. एखादा तुटला तरी बाकीचे आपापली जागा धरून राहतात. सुयांच्या विणीत प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या कुशीतून निघालेला असतो. एक सुटला की शिडी उतरावी तसा खाली खाली जातो. जाळीत तर भोके मुद्दाम पाडलेली. सुईवर धाग्याचा एक वेढा घेतला की भोक पडते आणि एक टाका वाढतो; तो फिटावा म्हणून शेजारी दोन टाके एकत्र विणायचे. आईचा एक वेढा घ्यायचा राहिला होता. जमाखर्च तेथेच चुकला.

ही विद्या आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून पसरली. त्याच शतकात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या बायका अंगठीतून आरपार ओढता येईल इतकी तलम शाल विणीत. 1840 साली एडिंबरोच्या जेन गोगेन यांनी विणकामाचे पुस्तक छापले. स्कॉटिश मिशनऱ्यांनीच आपल्या गोदावरीच्या मुखाकडे, नरसापूरच्या मुलखात, आकडीच्या सुईची म्हणजे क्रोशाची लेस रुजवली. 1982 साली मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथल्या बायकांवर पुस्तक लिहिले. माल परदेशी जात होता. पण विणणारीच्या कष्टांना ‘फावल्या वेळातला उद्योग’ यापलीकडे कोणी किंमत देत नव्हते.

पुस्तक छापणारीचे नाव इतिहासात राहते, व्यापाऱ्याच्या वहीत मालाची नोंद राहते. चुकलेला टाका कोणी कसा सावरला, हे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. ते एका बाईकडून दुसरीकडे जाते, मांडीवर पसरलेल्या कामावरून.

शाल पुन्हा न्याहाळली, तेव्हा चुकीच्या दोन ओळी खाली सगळ्या टाक्यांतून ओवलेला एक निळा शिवणदोरा दिसला. एक नक्षी पुरी झाली की आई टाके मोजी आणि तो दोरा ओवी. लहानपणी मी विचारले होते, तेव्हा म्हणाली होती, “अगं, चुकलं तर याच्याखाली उसवायला नको. इथवर मी मोजून घेतलंय.”

मग वाट सापडली. त्या एका पानाचे तेवढे टाके मी सुईवरून सोडले आणि शिडी उतरवीत निळ्या दोऱ्यापर्यंत आणली. दोन आखूड सुया घेऊन एकेक पायरी पुन्हा विणली. राहिलेला वेढा घेतला. एक टाका वाढल्यामुळे धागा तोकडा पडू लागला, तेव्हा शेजारच्या टाक्यांतून थोडा थोडा ओढून घेतला. दोन रात्री गेल्या. पण त्या सोळा ओळींतली बाकीची सगळी पाने आईच्या हातचीच राहिली.

उरलेली शाल मी पुरी केली, धुतली, गादीवर ताणून टाचण्यांनी वाळत घातली. ओली लोकर आपली आपण सावरते. घट्ट-सैल टाके एकमेकांत मिसळून गेले. समर्थांच्या गावात शोभावे इतके ते एकसारखे दिसतात, असे मी म्हणणार नाही. पण पान सरळ झाले आहे.

निळा दोरा हलकेच ओढून काढला आणि रिळाला गुंडाळून ठेवला. लेक दिवाळीला आली आहे. तिला विणायला शिकायचे आहे. तिच्या हाती सुयांच्या आधी तो दोरा देणार आहे.