अक्षरांची खतावणी

इंग्रजीत अक्षरं अवघी सव्वीस. आमच्या शाखेत माणसंही साधारण तेवढीच, आणि कामाची वाटणीसुद्धा अगदी तशीच! 'ई' नावाचं एक अक्षर सकाळपासून दिवे मालवेपर्यंत राबत असतं. 'ए', 'आय', 'टी' ही मंडळी त्याच्या खालोखाल. 'क्यू' आणि 'झेड' मात्र क्वचित दर्शन देतात, सहीपुरते. त्यातून 'क्यू'साहेब एकटे फिरत नाहीत; 'यू' नावाचा शिपाई मागून फाइल घेऊन चालावा लागतो.

ही उपस्थिती एका गृहस्थानं चक्क मोजली होती. नाव आल्फ्रेड बट्स, गाव न्यूयॉर्क, धंदा घरांचे नकाशे काढण्याचा. पण १९२९ साली शेअर बाजार कोसळला, महामंदी आली आणि घरं बांधणारेच उरले नाहीत. १९३१ साली बट्स बेकार झाला. बेकार माणूस वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती बघतो. यानं 'न्यूयॉर्क टाइम्स'चं पहिलं पान पुढ्यात घेतलं आणि त्यातले 'ए' किती, 'बी' किती, असे मोजायला बसला. घरच्यांना काय वाटलं असेल, ते ज्यानं बेकारी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

पण मोजदाद ही कधी वाया जात नाही, असं आम्ही कॉमर्सवाले मानतो. त्या खतावणीतून बट्सनं एक खेळ काढला, 'लेक्सिको'. अक्षरांच्या छोट्या पाट्या उचलायच्या आणि हाती आलेल्या अक्षरांतून शब्द जुळवायचा. पट नव्हता. आता शब्दकोडं अमेरिकेत आधीच रुजलं होतं. आर्थर विन नावाच्या संपादकानं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये ते पहिल्यांदा छापलं होतं. १९३८ साली बट्सनं आपल्या पाट्या शब्दकोड्यासारख्या चौकटींवर मांडल्या. खेळणी बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी 'आभारी आहोत' म्हणून परत पाठवलं. पुढे १९४८ साली जेम्स ब्रुनो नावाच्या ओळखीच्या माणसानं तो खेळ हाती घेतला आणि नाव दिलं 'स्क्रॅबल'. १९४९ साली २,४०० संच खपले आणि खात्यावर तोटा पडला ४५० डॉलरचा. आमच्या साहेबांनी तिथेच कर्ज वसुलीला माणूस पाठवला असता! ब्रुनोनं मात्र धीर धरला, आणि १९५२ नंतर मागणी अशी उसळली की संच पुरवता पुरवेनात.

या खेळाचं पगारपत्रक बघण्यासारखं आहे. एकूण पाट्या १००. त्यांत 'ई' तब्बल १२, आणि या सर्वांत राबणाऱ्या 'ई'ची किंमत किती? एक गुण! 'क्यू' आणि 'झेड' एकेकच, पण त्यांना प्रत्येकी दहा. खेळ अमेरिकेतला असो की पगार आपल्याकडचा, नियम एकच. 'एस' मात्र त्यानं मोजून चारच ठेवले. कारण शब्दाच्या मागे 'एस' लावला की अनेकवचन तयार; बिनकष्टाची कमाई. हिशेबी माणसाला ती खपत नाही.

फ्रेंच लोकांनी तर याचा टीव्हीवर सोहळाच केला. आर्मां जामो यांनी १९६५ साली कार्यक्रम सुरू केला, त्याचं नावच मुळी 'सर्वांत लांब शब्द'. त्याचा इंग्रजी अवतार 'काउंटडाउन'. २ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये चॅनेल फोर सुरू झालं, तेव्हा पडद्यावर पहिला कार्यक्रम हाच होता. नऊ अक्षरं, तीस सेकंद आणि डोक्यावर टिकटिकणारं घड्याळ. जमेल तेवढा लांब शब्द काढा.

लांब शब्द काढण्याची युक्ती मी सांगतो, फुकट. आधी शेपट्या वेगळ्या काढायच्या. 'आयएनजी' आहे का बघा, 'ईडी' आहे का, 'टीआयओएन' आहे का. शेपूट बाजूला ठेवलं की उरलेलं जनावर ओळखता येतं. पाचवीत एबीसीडी गिरवायला घेतलेल्या आम्हा मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजीचा शब्द म्हणजे साक्षात वाघ वाटायचा. छडीच्या धाकानं स्पेलिंगं घोकली. हा असा शेपटीकडून पकडायचा असतो, हे कोणी सांगितलंच नाही. खेळात धाक गेला आणि वाघाची मांजर झाली.

मराठीत हा खेळ मांडायचा तर निराळीच पंचाईत. 'की' हे एक अक्षर, की वेलांटी निराळी मोजायची? आपल्या शब्दकोड्यात 'कि' आणि 'की' एका घरात नांदत नाहीत. म्हणजे पाट्या ठेवायला वाडाच भाड्यानं घ्यावा लागेल!

इंग्रजीत अशा गमतींना मात्र तोटा नाही. पाचही स्वर एकेकदा आणि ओळीनं हवेत? 'फसीशस' घ्या, अर्थ थट्टेखोर. आणि तीन जोडाक्षरं, म्हणजे अक्षराला लागून तेच अक्षर, अशा तीन जोड्या एका रांगेत हव्यात? 'ओ-ओ, के-के, ई-ई'. हा मान 'बुककीपर'ला! साऱ्या शब्दकोशात हा मान हिशेबनिसाला मिळावा, हे वाचून मी त्या दिवशी खुर्चीत जरा ताठ बसलो.

माझा सर्वांत आवडता मात्र नऊ अक्षरांचा शब्द आहे. 'कार्टहॉर्स', म्हणजे गाडीला जुंपलेला घोडा. त्याच नऊ अक्षरांची जागा बदला. ना एक वाढवा, ना एक कमी करा. शब्द तयार होतो 'ऑर्केस्ट्रा'! गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या पोटात अख्खा वाद्यवृंद दडलेला. बेकार बट्सचंही तेच झालं. माणूस तोच, दिवस तेच, हातातली अक्षरंही तीच. त्यानं फक्त मांडणी बदलून पाहिली. तेव्हा समोरचा कारकून मान खाली घालून आकडे मोजताना दिसला, तर उगाच घाई करू नका. आत कुठेतरी वाद्यं जुळवणं चालू असेल.