कर्णबधिर नट आणि आमची रंगभूमि

नागपूरच्या ईशान्येस कळमन्याचा बाजार आहे. संत्र्यांच्या हंगामांत सकाळीं तेथें गेलें तर कान बहिरे होतात, असें लोक सहज बोलून जातात. अशाच एका सकाळीं संत्र्यांच्या ढिगाच्या दोन बाजूंस उभे राहून हातांनीं बोलणारे दोन हमाल आम्हीं पाहिले. त्यांतील एक जन्मापासून बहिरा होता, हें मागाहून कळलें. दुसऱ्यास उत्तम ऐकूं येत होतें. पण त्या कोलाहलांत त्याच्या कानांचा त्यास कांहींच उपयोग नव्हता, आणि संभाषण चाललें होतें तें बहिऱ्याच्या भाषेंत. मध्येंच त्या बहिऱ्या गृहस्थानें लिलाव पुकारणाऱ्याची नक्कल केली. पोट पुढें, मान मागें, बोट वर, आणि भाव पडतांच चेहऱ्यावर उतरलेली ती नाराजी! भोंवतालचीं माणसें हंसलीं, आम्हीहि हंसलों. परततांना मात्र एक प्रश्न मनांतून जाईना. हें कसब ज्याच्या अंगीं आहे, असा मनुष्य आमच्या रंगभूमीवर किंवा पडद्यावर कां दिसत नाहीं?

हातांची भाषा म्हणजे दुबळ्यांची तडजोड, ही समजूत तर बाजारच खोटी पाडतो. जुन्या काळीं अडत्यांचे सौदे रुमालाखालीं होत. बोटें दाबून भाव ठरे, तोंडांतून अक्षरहि निघत नसे. या पद्धतीस हत्ता म्हणत. तींत शेतकरी नागवला जाई, म्हणून बाजारांच्या कायद्यांनीं ती बंद करून उघड लिलाव आणला, तें योग्यच झालें. पण धूर्तांतले धूर्त व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या बोटांनीं बोलत होते, हें विसरूं नये.

नाट्याचें शास्त्रहि बहिऱ्याच्या विरुद्ध नाहीं. भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यांपैकीं वाणीची गरज एकासच. परंतु मराठी रंगभूमि वाढली ती कानाच्या अंगानें. 1880 सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें, आणि प्रेक्षक नाटक पाहण्यापेक्षां ऐकण्यास जाऊं लागला. नागपुरांत जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं एका नाटकास ‘मूकनायक’ असें नांव दिलें. तेंहि संगीत नाटकच! पदापदास वन्समोअर घेणाऱ्या त्या रंगभूमीवर बहिऱ्यास जागा नव्हती, याबद्दल कोणास दोष देतां येणार नाहीं.

खरी संधि आली ती 3 मे 1913 रोजीं. त्या दिवशीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, आणि पुढें अठरा वर्षें आमचा पडदा मुका राहिला. नट हातवाऱ्यांनीं बोले; अडेल तेथें अक्षरांची पाटी येई. ज्यास वाचतां येई तो बहिरा आणि त्याच्या शेजारचा ऐकता प्रेक्षक, दोघेहि एकाच बांकावर बरोबरीनें बसत. या पडद्यावर बहिऱ्या नटास कसलीच आडकाठी नव्हती. तरीहि आमच्या मूकपटांच्या इतिहासांत असें एकहि नांव पुढें येत नाहीं. तारामतीच्या कामास स्त्री मिळेना, तेव्हां फाळक्यांनीं उपाहारगृहांत नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंक्यांस साडी नेसविली. नटीच्या शोधांत जे उपाहारगृहापर्यंत गेले, त्यांस बहिऱ्यांची शाळा फार दूर नव्हती; मुंबईंत अशी शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासूनच होती. तिकडे जावें असें कोणाच्या मनांतच आलें नाहीं.

अमेरिकेंत तें एकाच्या मनांत आलें. ग्रॅनव्हिल रेडमंड हा चित्रकार लहानपणींच्या तापानें बहिरा झाला होता. चार्ली चॅप्लिननें त्यास आपल्या स्टुडिओंत चित्रें काढण्यास जागा दिली आणि 1918 च्या ‘ए डॉग्ज लाइफ’मध्यें भूमिकाहि दिली. पुढें ‘सिटी लाइट्स’च्या आरंभींच्या प्रसंगांत पुतळ्याचा शिल्पकार झाला तो हाच रेडमंड. त्या प्रसंगांत प्रतिष्ठित मंडळी भाषणें करतात, आणि ऐकूं येते ती नुसती पिपाणीसारखी किरकिर. बोलपटांची अशी थट्टा करणारें तें चित्र 30 जानेवारी 1931 रोजीं प्रथम दाखविलें गेलें. आणि सहाच आठवड्यांनीं, 14 मार्चला, मुंबईंत ‘आलमआरा’ बोलूं लागली.

बोलपटाच्या तडाख्यांतून ऐकते नटहि सुटले नाहींत. ‘आलमआरा’चा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटांतील साहसी भूमिकांचा राजा, पण त्याचे हिंदुस्थानी उच्चार पसंत पडेनात, म्हणून त्याची भूमिका बरीचशी गुंगींतल्या माणसाची ठेवावी लागली. मग बहिऱ्यांची काय कथा! विनोदी मूकपटांतून टॉमी अल्बर्ट या नांवानें काम करणाऱ्या एमर्सन रोमेरो या बहिऱ्या नटाचा तर धंदाच बुडाला. त्यानें 1947 सालीं जुन्या चित्रपटांत पुन्हां पाट्या घालून ते बहिऱ्यांस दाखविण्याचा उद्योग आरंभिला.

यानंतर बहिरा हा नट न राहतां विषय झाला. 1972 च्या ‘कोशिश’मध्यें संजीव कुमार आणि जया भादुरी यांनीं मूकबधिर पतिपत्नी उभीं केलीं. संजीव कुमारांस त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, आणि तें सर्वथा योग्य होतें. ‘इक्बाल’मध्यें श्रेयस तळपदे, ‘बर्फी’मध्यें रणबीर कपूर; सोंगें उत्तम वठलीं, पण तीं ऐकत्यांचीं सोंगें. 1996 चा ‘खामोशी’ आणि 2021 चा अमेरिकन ‘कोडा’ शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. दोहोंचें बीज एकच: बहिऱ्या आईबापांची गाणारी मुलगी. गोव्यांतल्या कथेंत आईबाप झाले नाना पाटेकर आणि सीमा विश्वास. ‘कोडा’मध्यें ते झाले मार्ली मॅटलिन आणि ट्रॉय कोत्सुर, दोघेहि बहिरे. मॅटलिनला 1987 सालींच ऑस्कर मिळालें होतें. कोत्सुरला तें 2022 मध्यें मिळालें. नानांच्या कामांत उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु हातांच्या भाषेंत जो लहानाचा मोठा झाला, त्याच्या बोटांत भांडतांना जी घाई येते आणि लाड करतांना जो आळस येतो, तो चार महिन्यांच्या तालमीनें येत नाहीं.

बहिऱ्यास बहिऱ्याचें काम द्या, हें कोणीहि मान्य करील. बोलक्याचें काम त्यास कसें द्यावें, असा आक्षेप मग येतो. त्याचें उत्तर दक्षिणेंत मिळालें आहे. अभिनया नांवाची (आणि काय समर्पक नांव!) कर्णबधिर नटी 2009 च्या ‘नाडोडिगळ’ या तमिळ चित्रपटांतून पुढें आली; त्याच्या तेलुगु व कन्नड अवतारांतहि तीच भूमिका तिनें केली. पुढें तिनें बोलत्या स्त्रियांचींहि कामें केलीं. ओठ तिचे, आवाज दुसरीचा. यांत नवल तें काय? 1935 पासून आमचे नायक नायिका उसन्या गळ्यानें गात आहेत. पडद्यावरच्या कोणत्याहि ओठांवर लताबाईंचा स्वर मानणारा प्रेक्षक एवढ्यानें कां बिचकावा?

अडचण निराळीच आहे, आणि ती शाळेंत आहे. ‘शाकुंतल’ आलें त्याच 1880 सालीं मिलान येथें बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली, आणि मुलांस खुणांनीं नव्हे, तोंडानेंच बोलावयास शिकवावें असा ठराव झाला. त्यानंतर जगांतील असंख्य शाळांत मुलांचे हात आवरले गेले. तो ठराव चुकीचा होता, ही कबुली 2010 सालीं व्हँकूव्हर येथें दिली गेली. मध्यें एकशें तीस वर्षें गेलीं. भारतीय सांकेतिक भाषेसाठीं दिल्लींत स्वतंत्र संस्था 2015 मध्यें निघाली. ज्या भाषेंत मुलास हट्ट करतां येतो, गोष्ट सांगतां येते, तीच त्याच्या हातांतून काढून घेतली, तर नट कोठून निपजणार?

परवां कळमन्यास पुन्हां जाणें झालें. तो गृहस्थ रिकाम्या खोक्यावर बसून चहा पीत होता. सिनेमा पाहतां काय, असें आम्हीं कागदावर लिहून विचारलें. त्यानें तें वाचलें, दोन बोटांनीं डोळ्यांपुढून ओळ सरकल्यासारखी खूण केली, आणि मान नकारार्थी हालविली. पडद्यावर पाट्या नसतात, असें त्याचें म्हणणें होतें. बहिऱ्यांसाठीं अक्षरें दाखविण्याविषयीं सरकारनें 2024 सालीं नियम केले आहेत, हें आम्हीं त्याच कागदाच्या पाठीमागें लिहिलें. तें वाचून त्यानें आमच्याकडे ज्या मुद्रेनें पाहिलें, ती हुबेहुब भाव पडलेल्या शेतकऱ्याची होती.