ताडोबातील पर्यटकांची गर्दी आणि निधीचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचे जंगल 1955 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. सुमारे 116 चौ. कि.मी. क्षेत्राचे हे उद्यान महाराष्ट्रातील सर्वांत जुने होय. संरक्षित क्षेत्रांच्या अभ्यासात पर्यटकांची गर्दी आणि निधीची टंचाई यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. ताडोबाच्या बाबतीत मात्र गेल्या दोन दशकांत हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतले आहेत की, एकाचे उत्तर शोधताना दुसरा बदलत जातो. प्रस्तुत लेखात या गुंतागुंतीचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

ताडोबात पहिली गर्दी झाली ती पर्यटकांची नव्हे, भाविकांची. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू या गोंड प्रमुखाचे ठाणे तलावाच्या काठी आहे आणि पौष महिन्यात तेथे आदिवासींची जत्रा भरत असे. पुढे संरक्षणाचे नियम कडक होत गेले, तसे या वहिवाटीवर निर्बंध आले. जंगलात कोणाची गर्दी चालावी आणि कोणाची चालू नये, हा प्रश्न येथे पर्यटनापेक्षा जुना आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

1986 साली लगतचे अंधारी अभयारण्य अस्तित्वात आले. 1990च्या दशकाच्या मध्यास दोन्ही क्षेत्रे मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. व्याघ्र प्रकल्पांचा खर्च केंद्र आणि राज्य यांनी वाटून घ्यावयाचा, अशी व्यवस्था होती. 2015-16 पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी हे प्रमाण 60:40 झाले. पाणवठे, जाळरेषा, गस्तीची वाहने, हंगामी वनमजुरांची मजुरी ही सारी कामे ऋतूला बांधलेली असतात. मंजूर रक्कम हाती येण्यास विलंब झाला, तर उन्हाळा तिच्यासाठी थांबत नाही.

प्रवेशशुल्काचे बदललेले स्वरूप

या स्थितीत 2006 साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात झालेली दुरुस्ती निर्णायक ठरली. तिच्यातील कलम 38-एक्स नुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. प्रवेशशुल्काचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता या प्रतिष्ठानामार्फत त्याच प्रकल्पात वापरणे त्यामुळे शक्य झाले. स्थानिक व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. परंतु तिचा दुसरा परिणामही झाला. तोवर पर्यटक हा व्यवस्थापनावरील बोजा होता. आता तो उत्पन्नाचा आधार बनला. ज्या संस्थेने गर्दी आवरावयाची, तिच्याच हिशेबात गर्दी जमेच्या बाजूला आली.

दिनांक 24 जुलै 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम मनाई केली. ऑक्टोबर 2012 मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यानंतर ती उठली. गाभा क्षेत्राच्या 20 टक्क्यांपेक्षा अधिक भाग पर्यटनास खुला नसावा, वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर राखावे, वाहनांची संख्या वहनक्षमतेनुसार ठरवावी, अशी ही तत्त्वे होती. वहनक्षमतेचे सूत्र विशेष लक्षणीय आहे. रस्त्यांची लांबी आणि दोन वाहनांत राखावयाचे अंतर यांवरून प्रथम संख्या काढावयाची, धूप व प्राण्यांना होणारा उपद्रव यांसाठी ती घटवावयाची आणि अखेरीस उपलब्ध कर्मचारी व साधने यांच्या प्रमाणात ती आणखी कमी करावयाची. म्हणजे वनरक्षकांची पदे रिक्त असतील, तर वाहनेही कमी सोडावयाची. निधीचा तुटवडा भरून काढण्यासाठी वाहने वाढविण्याचा मार्ग या सूत्राने निदान कागदावर तरी बंद केला.

गर्दीचे स्थलांतर

गाभ्यात मर्यादा आल्यावर मागणी बफर क्षेत्राकडे वळली. ताडोबाचे सुमारे 1,100 चौ. कि.मी.चे बफर 2010 साली अधिसूचित झाले होते. आगरझरी, जुनोना, देवाडा-अडेगाव, मदनापूर, अलिझंझा अशी प्रवेशद्वारे तेथे उघडली. मार्गदर्शक आणि जिप्सीचालक म्हणून गावांतील तरुणांना रोजगार मिळाला. वाघासोबत राहण्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या पदरी काही पडले, ही या व्यवस्थेची खरी जमेची बाजू आहे. तरी बफर म्हणजे रिकामे जंगल नव्हे. तेथे शेती आहे, गुरे आहेत, मोह आणि तेंदू वेचणारी माणसे आहेत. 2020 साली कोविडमुळे सफारी बंद पडली, तेव्हा पर्यटनावर विसंबलेली ही घरे किती अधांतरी आहेत, हेही दिसून आले.

पैशाच्या वाटेवरही धोके होतेच. ऑनलाइन आरक्षणाची सुमारे 12 कोटी रुपयांची रक्कम प्रतिष्ठानाकडे जमा झाली नाही, अशी फिर्याद 2023 साली चंद्रपुरात दाखल झाली. 31 डिसेंबर 2024 रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या वाहनांनी एका वाघिणीला पिलांसह घेरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई प्रथम झाली ती चालक आणि मार्गदर्शकांवर. वाघ जवळून दाखवावा, असा आग्रह धरणारा पर्यटक अशा प्रसंगी सहसा सुटतो.

गडचिरोली जिल्ह्यातील चित्र याहून भिन्न आहे. तेथील चपराळा (1986) आणि भामरागड (1997) ही अभयारण्ये व्याघ्र प्रकल्पात मोडत नाहीत, त्यामुळे कलम 38-एक्स चा लाभ त्यांना नाही आणि ताडोबासारखी पर्यटकांची रीघही नाही. त्यांचा भार मुख्यतः शासकीय अनुदानावरच आहे. ताडोबाच्या परिसरातून बाहेर पडणारे वाघ ब्रह्मपुरीच्या जंगलातून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पोहोचतात. मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारावर जमा होणारे शुल्क मात्र ताडोबाच्याच प्रतिष्ठानाकडे राहते.