दात आंबवणारा उपाय

बारीक होण्यासाठी व्हिनेगर पिण्याची रीत युरोपात दोनशे वर्षांहून जुनी आहे. फ्रेंच लेखक ब्रिया-सावारँ यांनी १८२५च्या ग्रंथात दिजाँ गावच्या लुईझची हकिगत सांगितली आहे. जाडीवरून थट्टा झाली म्हणून १७७६च्या सुमारास ती महिनाभर रोज सकाळी पेलाभर व्हिनेगर प्यायली आणि अठरावे सरण्याआधीच वारली. इंग्रज कवी बायरनही व्हिनेगरात भिजवलेले बटाटे खाई. असे आंबट दातांना मानवत नाही. तोंडातला सामू साधारण ५.५च्या खाली उतरला की दातांचे कवच विरघळू लागते. आतल्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडून गार पाण्यानेही कळ उठते. सुश्रुतसंहितेत गार, ऊन, स्पर्श न सोसणाऱ्या दातांच्या विकाराला ‘दंतहर्ष’ म्हटले आहे. मराठीने तर आंबटाचे कारणच क्रियापदात बसवले: दात आंबणे.