शिलालेखाबाहेरची भाषा

(१/७) वेळापूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि यादवराजा रामचंद्राच्या काळातील शिलालेख यांमुळे हे गाव अभ्यासकांना परिचित आहे. सातशे वर्षांपूर्वीची मराठी येथे दगडावर टिकली. याच जिल्ह्यातल्या कैकाडी भाषेला मात्र ना दगड लाभला, ना कागद. ती केवळ मुखोद्गत राहिली.

(२/७) फोकांच्या व तुरकाठ्यांच्या पाट्या, टोपल्या, कणग्या विणणारा, गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणारा हा समाज. गावाशी व्यवहार मराठीत, पालावरचे बोलणे कैकाडीत. भाषा द्राविडी कुळातली, तमिळच्या नात्यातली. स्वतःची लिपी नाही.

(३/७) ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद तमिळच्या बोलींत झाली. दोनच वर्षांनी पोलीस अधिकारी केनेडी यांचे मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वरचे पुस्तक आले. त्यात जमातींच्या पेहरावाबरोबर बोलीचीही माहिती होती. येथे बोली टिपली गेली ती जपण्यासाठी नव्हे, माणूस हेरण्यासाठी.

(४/७) गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. सोलापुरात तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ उभी राहिली. हजेरी, परवाना, गिरणीतले काम. ज्या बोलीवरून संशय घेतला जाई, ती चारचौघांत उच्चारणे जोखमीचेच होते.

(५/७) १९५२ मध्ये कायदा देशभर रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) कैकाडी जीवन साहित्यात आणले, १९८१ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पण ते आत्मकथन लिहावे लागले मराठीत.

(६/७) जनगणनेत कैकाडी तमिळच्या गटात मोजली जाते. त्यामुळे मुख्य भाषांच्या यादीत ती दिसतच नाही. गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणातील महाराष्ट्र खंडाने (संपादक अरुण जाखडे, २०१३) भटक्या-विमुक्तांच्या भाषांना स्वतंत्र विभाग दिला, म्हणून त्याचे मोल मोठे.

(७/७) तरीही नोंद म्हणजे जतन नव्हे. प्लास्टिकच्या पाट्या आल्या की विणकामाबरोबर त्याचे शब्दही मागे पडतात. शब्दकोश ते शब्द राखील. भाषा राखायची तर आजीने ती नातवंडांशी बोलली पाहिजे, आणि नातवंडाला ती शाळेत लपवावी लागता कामा नये. कुंपणाची तार कधीच निघाली. भाषेभोवतीचा संकोच अजून निघायचा आहे.