कोल्हापुरी चप्पल व्हायरल झाली, पण विकली कशी जाते?

कोल्हापुरात चप्पल लाइनमधल्या एखाद्या दुकानासाठी सोशल मीडियाची इंटर्नशिप करत असाल, तर शिकायला घरचंच उदाहरण आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. सोशल मीडियावर टीका झाली आणि ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. तेवढ्यात काही ऑनलाइन विक्रेत्यांनी प्राडाचंच नाव वापरून आपल्या कोल्हापुरीच्या जाहिराती केल्या!

असा ट्रेंड पकडायला रील बरी. पण ती चार दिवसांत मागे पडते. ब्लॉगचं तसं नाही. ‘अस्सल कोल्हापुरी कशी ओळखायची?’ असं कुणी सहा महिन्यांनी गुगलवर शोधलं, तरी लेख सापडू शकतो. तिथून गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर माप आणि किंमत विचारतं. लाइक्सपेक्षा ही चौकशी मोजा.

लेख लिहायचा तर आधी माल कळायला हवा: बाभळीच्या सालीने कमावलेलं चामडं, हाताची शिलाई, कापशीसारखे प्रकार. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे येतात. रेग्झिनच्या चपलेला ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणणारी पोस्ट मालकाने सांगितली तरी टाकू नका. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट चप्पल घेऊन रील करणाऱ्या इन्फ्लुएन्सरनेही ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायचं असतं.