घरातले काम आणि कामावरचे घर

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्च रोजी आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या सुमारास पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून संगणकावर काम करणारी सातारा-सांगलीकडची पुष्कळ मुलेमुली गावी परतली आणि माजघरात, माडीवर, जेथे संपर्क नीट मिळेल तेथे बसून कचेरीचे काम करू लागली. वडीलधाऱ्यांना नवल वाटले. मुलगा घरात आहे, पण तो कामावर आहे. त्याला हाक मारावी की मारू नये?

हा प्रकार अगदीच नवा, असे तेव्हा सर्वांनी म्हटले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तसे म्हणता येत नाही. घर आणि काम यांची ताटातूट हीच त्यातल्या त्यात अलीकडची गोष्ट होय. आपल्या दोन जिल्ह्यांपुरते पाहिले तरी घरी बसून काम करण्याच्या जुन्या रीती सापडतात, आणि त्यांचे फायदेतोटेही सापडतात.

पहिले उदाहरण गावच्या कुलकर्ण्याचे. कुलकर्ण्याला सरकारी कचेरी नव्हती. गावच्या जमीनमहसुलाचा हिशेब तो आपल्या ओसरीवर बसून लिही आणि मोडीतले ते कागद फडक्यात बांधलेल्या रुमालांच्या रूपाने त्याच्याच घरी राहत. तासांचे बंधन नव्हते. वसुलीच्या दिवसांत काम वाढे, एरवी कमी होई. मोबदला इनाम जमिनीच्या आणि हक्कांच्या रूपाने मिळे. सरकारच्या दृष्टीने ही व्यवस्था फार स्वस्त होती, कारण जागेचा खर्च नाही आणि देखरेखीचाही नाही. पण दप्तर घरात राहिल्यामुळे ते राज्याचे की घराण्याचे, हा भेद पुसट झाला. आपल्या नावावर काय लिहिले आहे, हे कळण्यासाठी निरक्षर रयतेला त्याच घराची पायरी चढावी लागे. ज्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी या कारभारावर किती कठोर टीका केली, हे आपण जाणतोच. अखेर १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने रद्द झाली आणि दप्तर पगारी, बदली होणाऱ्या तलाठ्याच्या हाती राहिले.

दुसरे उदाहरण मिरजेचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. पुढे सतारमेकर याच नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळींचे घर आणि कारखाना एकच. तुंब्यासाठी लागणारा भोपळा पंढरपूरच्या बाजूने यावयाचा आणि वाद्य पुरे झाले म्हणजे गवयाच्या हाती जावयाचे. मधले सारे काम घराच्या चार भिंतींत. येथे तासांचा हिशेब कोणी मागत नसे. तंबोरा सुरात लागला की नाही, एवढाच प्रश्न. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या दीर्घ परंपरेचे फळ होय. या व्यवस्थेतले मर्म असे, की मुलगा बापाशेजारी बसून शिकत असे. जवारी कशी काढावी, हे सांगून समजत नाही. ते पाहून, ऐकून हाताला कळावे लागते. काम घरी होते खरे, पण शिकणारा एकटा नव्हता.

या रीतीला छेद गेला तो यंत्रयुगाने. यंत्र एकाच ठिकाणी असते, म्हणून माणसानेच तेथे जावे लागते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, राजेसाहेबांनी दिलेल्या जमिनीवर नांगराचा कारखाना उभारला. माळावर कामगार आणावयाचे तर त्यांना घरेही हवीत, म्हणून कारखान्याबरोबरच गाव वसवावे लागले. कामाने माणसाला घराबाहेर काढले, पण निवाऱ्याचा भार मालकालाही उचलावा लागला. किर्लोस्करवाडी ही अशी निघाली.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र तसे घडले नाही. रत्नागिरीप्रमाणेच सातारा जिल्ह्यातूनही हजारो माणसे परळ-लालबागेत गेली. एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि मनिऑर्डर गावी धाडीत. गावी शेत, म्हातारे आईबाप आणि मुले यांचे ओझे बाईच्या डोक्यावर राही. गिरणीला मजूर स्वस्त पडला, कारण त्याचे घर चालविण्याचा अर्धा खर्च खटाव-माणच्या कोरडवाहू शेताने आणि तेथल्या बाईच्या श्रमाने सोसला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कित्येकांना त्याच शेताचा आधार घ्यावा लागला.

गिरणीने एक गोष्ट मात्र दिली. भोंगा जसा माणसाला बोलावी, तसा तो त्याला सोडूनही देई. कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी १९११ च्या कायद्याने दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ मध्ये ५४ आणि पुढे ४८. कारखान्याच्या दारावर घड्याळ होते, म्हणूनच कामगाराला त्या घड्याळाशी भांडता आले. ओसरीवरच्या कामाला घड्याळ नाही, भांडावयाचे कोणाशी?

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. दळणवळणाच्या साधनांनी काम कामगाराकडे न्यावे, हा विचार अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ च्या सुमारास मांडला होता. आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने नियम सैल केले आणि अशा कंपन्यांना घरून काम देणे सोपे झाले. याचा परिणाम काय होतो, याचा एक काटेकोर प्रयोग २०१० च्या अखेरीस चीनमधील एका प्रवास कंपनीत सुरू झाला होता. दूरध्वनीवर काम करणाऱ्या, स्वेच्छेने पुढे आलेल्या नोकरांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिले. त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्याने उतरले. जागेचे भाडेही वाचले, म्हणजे कंपनीचा दुहेरी लाभ. परंतु या १३ टक्क्यांतील सुमारे ९ टक्के वाढ ही माणसे अधिक मिनिटे काम करीत राहिली म्हणून झालेली होती. विश्रांती घटली, रजा घटल्या. तितकेच चांगले काम करूनही घरच्यांना बढती कमी मिळाली, आणि प्रयोग संपल्यावर एकटेपणा वाटल्यामुळे त्यांतील निम्म्याहून अधिकजण कचेरीत परतले. त्याच कंपनीतील १,६०० हून अधिक नोकरांवरील पुढचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दिवस घरी आणि तीन दिवस कचेरीत, अशी वाटणी केल्यावर कामात वा बढतीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडणारे एकतृतीयांशाने घटले.

हे आकडे आपल्या इतिहासाशी ताडून पाहावेत. वाढलेली मिनिटे हा हरवलेल्या भोंग्याचा परिणाम. हुकलेली बढती आणि एकटेपणा म्हणजे मिरजेच्या कारागिराला जे शेजारचे माणूस होते, ते नसण्याचा परिणाम. आणि वाचलेले भाडे म्हणजे कुलकर्ण्याची ओसरी, जी सरकारने कधी बांधली नाही.

मालकांची शंका निराळीच असते: नजरेआड माणूस काम करील काय? यावरही आपल्याच भूमीत एक उत्तर आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत स्थापन झाली. तिला तट नव्हता. कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. नोकरदाराची कैद्याशी तुलना करावयाची नाही. परंतु जेथे बंदिवानावरसुद्धा असा विश्वास टाकून पाहिला गेला, तेथे हिशेबनिसावर वा संगणकाच्या कारागिरावर तो टाकण्यास कचरण्याचे कारण नाही.

मग भय कशाचे? घरून काम केल्याने कऱ्हाडचा वा विट्याचा मुलगा आईबापांजवळ राहतो, सून बाळंतपणानंतर नोकरी टिकवू शकते, आणि पुण्याच्या भाड्यात जाणारा पैसा गावच्या बाजारपेठेत येतो. हा लाभ लहान नाही. गिरणीच्या काळात ज्यांचा जन्म मनिऑर्डरीची वाट पाहण्यात गेला, त्या घरांना याचे मोल सांगावयास नको. परंतु काम घरी येते तेव्हा घराचा खर्च कोण देतो, दिवस केव्हा संपतो आणि नवख्याला शिकवतो कोण, हे तीन प्रश्न नोकरी पत्करतानाच विचारले पाहिजेत. किर्लोस्करवाडीच्या माळावर मालकाला घरे बांधावी लागली, कारण त्यावाचून माणसे आली नसती. आज घर कामगाराचे आहे, वीज त्याची आहे, आणि आई दाराशी चहाचा पेला घेऊन, हाक मारावी की नाही या विचारात, उभी आहे. तिला ‘आता काम संपले’ असे ठामपणे सांगता येईल, अशी वेळ करारात लिहून घेणे, हे भोंग्याचे काम आता आपल्यालाच करावयाचे आहे.